घरातील संशयास्पद मृत्यू : पोलीस कार्यवाही आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या प्रबोधन वर्गात दिलेले भाषण)



विषय अप्रिय आहे. पण असा प्रसंग कोणत्याही वस्तीत येतो. घरात कोणी जळते, कोणी गळफासाने मरते, कोणाच्या पोटात विष जाते. पुष्कळदा ती घरची सून असते. मग जाणती मंडळी जमतात आणि म्हणतात, "गेलेली का परत येणार आहे? बोभाटा नको, लवकर उरकून घ्या." माझे सांगणे एवढेच की, ही घाई करू नका.

जीव असेल तर आधी दवाखाना. मृत्यू झालाच असेल तर ११२ क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात कळवावे आणि खोलीतील काहीही हलवू नये. फरशी धुऊ नये, गळफासाची गाठ सोडू नये. कपडे, बाटली, चिठ्ठी, मोबाइल जागच्या जागी राहू द्यावेत.

पोलीस प्रथम अकस्मात मृत्यूची नोंद करतात. पूर्वी यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे. शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष प्रेताचा पंचनामा होतो. जखमा, मोडलेली हाडे, वळ आणि ते कशाने झाले असावेत, हे त्यात लिहायचे असते. अहवाल चोवीस तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो.

लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली, तिच्या मृत्यूत दुसऱ्या कोणाच्या गुन्ह्याचा संशय असला किंवा नातेवाइकाने तशी मागणी केली, तर शवविच्छेदनासाठी प्रेत पाठवण्याची तरतूद १९८३ साली कायद्यात आली. ती आजही आहे. ही मागणी माहेरच्यांनी लेखी करावी. कारणाविषयी शंका असेल तर इतर मृत्यूंतही शवविच्छेदन होते.

आता, हे पंच कोण? तुम्ही-आम्हीच. मी बँकेतला कारकून. शंभर रुपयांचे व्हाउचरसुद्धा वाचल्याशिवाय आम्ही पुढे सरकवत नाही. मग माणसाच्या मरणाच्या कागदावर न वाचता सही कशी करायची? गळ्यावरचा वळ दिसला, तर तो लिहिला आहे का ते पाहा. नसेल तर लिहायला सांगा. आपण रोज पंचशील ग्रहण करतो. त्यातले चौथे शील अशा वेळी पाळायचे असते.

आणखी एक गोष्ट. अकस्मात मृत्यूची नोंद म्हणजे फिर्याद नव्हे. अनेक आईबाप तेथे जबाब देतात आणि गुन्हा दाखल झाला असे समजून घरी जातात. छळाची, हुंड्याच्या मागणीची माहिती असेल तर स्वतंत्र फिर्याद द्यावी. तिची प्रत विनामूल्य मिळते. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे, हे कारण चालत नाही. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

मात्र संशय म्हणजे दोष नव्हे. ऐकीव गोष्ट खरी मानू नका, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. सासरच्यांना चव्हाट्यावर दोषी ठरवणे हाही अन्यायच. निर्दोष घराला आधार मिळतो तो याच पंचनाम्याचा आणि शवविच्छेदनाचा.

पुरलेला देह दंडाधिकारी पुन्हा बाहेर काढून तपासून घेऊ शकतात. राखेला काही विचारता येत नाही. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत अग्नी देऊ नका. बाबासाहेबांच्या संविधानातील कलम २१ ने दिलेला जीविताचा हक्क त्या मुलीचाही होता. तो कसा हिरावला गेला, हे विचारणे आता आपल्याकडे उरले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!