माहेरी येणारा मासा आणि नदीकाठची घरे

(हीरकमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बडोद्याच्या माणसापुढे समुद्ररक्षणाचा विषय काढला, की तो सौजन्याने ऐकून घेतो आणि मनात म्हणतो, हा प्रश्न वेरावळ-पोरबंदरच्या लोकांचा. फार तर मुंबईच्या नातेवाइकांचा. या शहराला नदी आहे, नदीत मगरी आहेत आणि पावसाळ्यात त्यांतील एखादी वस्तीत येऊन ठेपते, एवढा जलचरांशी आलेला संबंध त्याला पुरेसा वाटतो. वस्तुतः पावागडाकडून येणारी विश्वामित्री शहर ओलांडून ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जाते. सोसायटीच्या फाटकासमोरील गटारात श्रावणाच्या सरीबरोबर वाहून गेलेली दुधाची पिशवी कोठे गेली, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला, तर त्याचे खरे उत्तर समुद्राकडे बोट दाखवूनच द्यावे लागेल. समुद्र घरापासून दूर असेल. घर मात्र समुद्रापासून तितके दूर नाही.

समुद्राचे रक्षण सामान्य माणसाने करायचे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी फार लांब जाण्याची आवश्यकता नाही. याच राज्याच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर गेल्या पंचवीस वर्षांत घडलेली हकिकत त्यासाठी पुरेशी आहे.

व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. नावात व्हेल असले तरी तो देवमासा नव्हे. कोकणात ज्यांना मुशी किंवा मोरी म्हणतात, त्यांच्याच गोतावळ्यातील हा महाकाय प्राणी. बारा मीटर लांबीचे मासे सापडतात, क्वचित त्याहून मोठेही. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी आणि स्वभाव अत्यंत शांत. तोंड उघडे ठेवून हा मासा पोहत राहतो आणि पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो. माणसाला त्याच्यापासून कसलेही भय नाही; त्याला मात्र माणसापासून फार मोठे भय होते. त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावत, म्हणजे पाणी आत झिरपत नसे. १९९०च्या दशकात त्याच्या मांसाला परदेशातून मागणी आली आणि शिकारीला व्यापाराचे रूप प्राप्त झाले. मोठा आकडा माशाच्या अंगात रुतवून त्याला रिकामी पिंपे बांधत; ती ओढता ओढता मासा थकून जाई, मग त्याला किनाऱ्याकडे आणीत. या पद्धतीमुळे सौराष्ट्रातील कोळ्यांनी त्या माशाचे नावच ‘बॅरल’ असे ठेवले होते. ज्या साधनाने त्याला मारायचे, तेच त्याचे नाव!

ही शिकार माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने जगापुढे आणली. २००१ मध्ये भारत सरकारने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्कचा समावेश केला. वाघाला जे संरक्षण, तेच या माशाला मिळाले. तथापि कायदा दिल्लीत झाला आणि मासा अरबी समुद्रात होता. ज्यांच्या होड्या रोज पाण्यात जात, त्यांतील कित्येकांच्या कानी हा कायदा पोहोचलाही नव्हता. आणि पोहोचला असता, तरी कागदावरच्या एका ओळीखातर पोटावर पाय आणून घेण्यास कोण सहजी तयार होईल?

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनविभाग आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून जी मोहीम सुरू केली, तिचे मोल येथे ध्यानात येते. माशाची मोठी फुगवलेली प्रतिकृती गावोगाव फिरली, पथनाट्ये झाली, शाळांतील मुलांनी चित्रे काढली. प्रसिद्ध रामकथाकार मोरारीबापू या मोहिमेचे दूत झाले. त्यांनी लोकांना समजावले, की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. एवढ्या एका दृष्टान्ताने जे साधले, ते दंडाच्या धाकाने साधले नसते. ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली. व्हाली म्हणजे लाडकी. पोरबंदरसारख्या शहरांनी तिला आपले मानचिन्ह मानले. माहेरवाशीण म्हणजे काय, हे मराठी घराला सांगावे लागत नाही. दारी आलेल्या लेकीवर शस्त्र कोण उगारील?

भावना जागी झाली, तरी एक व्यावहारिक अडचण उरलीच होती आणि या हकिकतीतील खरा त्याग तेथे आहे. मुद्दाम केलेली शिकार थांबली; परंतु अन्य माशांसाठी लावलेल्या जाळ्यांत व्हाली चुकून अडकतेच. टनावारी वजनाचा जीव जाळ्यातून उचलून बाजूला करता येत नाही. त्याला सोडायचे, तर जाळे कापावे लागते. जाळे म्हणजे मच्छीमाराचे भांडवल, पुष्कळदा कर्ज काढून घेतलेले. ते स्वतःच्या हाताने सुरीने कापायचे, हातचा मासळीचा घास जाऊ द्यायचा आणि रिकाम्या होडीने परतायचे. वनविभागाने कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची व्यवस्था केली. पुढे मच्छीमारांना लहान कॅमेरे देण्यात आले. अधिकारी येईपर्यंत मासा तिष्ठत ठेवण्याऐवजी सुटकेचे छायाचित्र हाच पुरावा ठरू लागला. मासा लवकर सुटू लागला आणि माणसाचाही खोळंबा टळला. आजवर शेकडो व्हेल शार्क अशा रीतीने जिवंत समुद्रात परत गेले आहेत. महाराष्ट्रानेही संरक्षित जलचर सोडताना फाटलेल्या जाळ्यांसाठी २०१८ मध्ये भरपाईची योजना आणली. तीत कमाल रक्कम २५,००० रुपये आहे. अर्थात जाळ्याचे पैसे मिळाले, तरी बुडालेल्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही. तेवढा भार त्या खलाशाने स्वतः उचललेला असतो.

शहरी माणूस समुद्राविषयी बोलताना पहिले बोट मच्छीमाराकडे दाखवतो. तो जास्त मासे मारतो, जाळी टाकून देतो, त्याला शिकवले पाहिजे, असा एकंदर सूर असतो. जाळे कापणाऱ्या त्या माणसाची किंमत एका पारड्यात घातली आणि दुसऱ्यात शहरातील घराने आजवर समुद्रासाठी काय सोडले ते घातले, तर हा सूर फार काळ टिकू नये.

केरळचे उदाहरणही हेच सांगते. कोल्लमजवळच्या नीण्डकरा-शक्तिकुळंगरा बंदरात २०१७ पासून ‘शुचित्व सागरम्’ नावाचा उपक्रम सुरू झाला. जाळ्यात माशांबरोबर येणारे प्लास्टिक पूर्वी पुन्हा पाण्यात फेकून देत. ते आता पिशव्यांत भरून बंदरावर आणले जाऊ लागले. तेथे स्त्रिया ते निवडतात, धुतात, यंत्रावर त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते रस्त्यांच्या डांबरात वापरले जातात. त्या पिशव्यांत निघणाऱ्या बाटल्या आणि वेष्टने मच्छीमारांनी विकत आणलेली नसतात. दुसऱ्यांचा केर ते समुद्रातून वेचून आणतात.

मुंबईच्या वर्सोव्याचा किनाराही पुष्कळांच्या परिचयाचा असेल. अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथे कचरा उचलण्यास आरंभ केला. एका रविवारच्या छायाचित्रापुरते ते काम उरले नाही. आठवड्यामागून आठवडे शेकडो लोक येत राहिले. २०१८च्या मार्चमध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. पुढे हे काम मिठी नदीच्या काठावरही नेण्यात आले आणि ते योग्यच झाले. नदी जोवर आणून ओतते आहे, तोवर किनारा कितीही झाडला तरी तो पुन्हा भरणारच.

नदीकाठच्या घरांचे काम म्हणूनच नदीकाठीच आहे. बडोद्यात गणेशोत्सवाला उणे काहीच नाही. शतकाहून अधिक काळ येथील मराठी घरांनी तो निष्ठेने सांभाळला आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाही आणि तिचे रंग पाण्यात उतरतात, हे आता सर्वांना माहीत आहे. माहीत असूनही मूर्तीची उंची आणि चकाकी पाहून निवड होते, ही खेदाची गोष्ट आहे. शाडूची लहान मूर्ती घरच्याच बादलीत विसर्जित होते आणि ती माती तुळशीला घालता येते. मखराचा विचार त्याहून कमी होतो. सजावटीचे थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी घातलेल्या एकल-वापर वस्तूंच्या यादीत आहे. ते पाण्यात कुजत नाही; त्याचे मण्यांसारखे दाणे होतात, ते मासे आणि पक्षी खाद्य समजून गिळतात. आजीच्या पैठणीची किंवा जुन्या शालूची आरास थर्माकोलच्या महालापेक्षा अधिक शोभते, असे म्हणण्यास काही हरकत नसावी. निर्माल्य पिशवीसकट पुलावरून नदीत फेकण्याच्या प्रथेविषयी सुशिक्षितांच्या सभेत बोलावे लागू नये. तरीही बोलावे लागते, कारण मोटारीची काच खाली करून फेकणारे हात बहुधा सुशिक्षितच असतात.

कपडे धुण्याच्या यंत्रातून पॉलिएस्टरचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सांडपाण्यात जातात. यंत्र पूर्ण भरून, थंड पाण्यात धुतले तर ते कमी सुटतात. स्वयंपाकघरातील तेल मोरीत ओतू नये, जुनी औषधे शौचालयात टाकू नयेत, हेही त्याच ओघातले.

मासे खाणाऱ्या घरांना आणखी एक अधिकार आहे आणि तो पिशवी घेऊन बाजारात गेल्यावर वापरता येतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यंत्रचलित होड्यांना मासेमारीची बंदी असते, कारण अनेक जातींच्या विणीचा तो हंगाम. जुन्या कोकणी घरांत श्रावणात मासे वर्ज्य असत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावर होड्या लोटत. त्या रूढीत समुद्राला उसंत मिळत होती, मग तिचे कारण कोणी काहीही सांगो. आता शीतपेट्यांमुळे बारमाही मासळी मिळते आणि हंगाम विसरला जातो. पापलेट वा सुरमई यांची बोटभर पिल्ले ताटात आली, म्हणजे एकदाही अंडी न घातलेले मासे समुद्रातून गेले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. त्याच वर्षी रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. मान दिलेल्या माशाची पिल्ले स्वस्त म्हणून घेऊ नयेत. गिऱ्हाईक लहान मासा घेत नाही, असे विक्रेत्याला चार वेळा दिसले, तर पाचव्या वेळी तो स्वतःच आणणार नाही.

राहता राहिली दिवाणखान्याची भिंत. काळ्या जाळीदार फांद्यांसारखी एक वस्तू काचेच्या चौकटीत घालून ‘इंद्रजाल’ या नावाने विकली जाते. घरात लावल्यास दृष्ट लागत नाही, धनलाभ होतो, असे सांगितले जाते. ती दुर्मीळ वनस्पतीची मुळी आहे, असेही विकणारा सांगतो. ती मुळी नव्हे. ते काळे प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतो, म्हणजे समुद्रतळावर राहणाऱ्या असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी मिळून, अतिशय मंद गतीने उभारलेला देह. व्हेल शार्कप्रमाणेच प्रवाळांनाही २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. उच्चशिक्षितांच्या घरांतून ही चौकट आढळते, याचे नवल वाटते. वास्तुशांतीला भेट म्हणून ती दिली जाते, तेव्हा देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही आपण काय हाती घेतले आहे याची कल्पना नसते.

दिवाळीच्या सुटीत येथील अनेक कुटुंबे सोमनाथ, द्वारका, दीव अशी सहल करतात. दिवाळीनंतर महिन्याने येणाऱ्या कार्तिक अमावास्येला गुजरातमध्ये व्हेल शार्क दिन पाळला जातो. सुटी तोवर सरलेली असते, परंतु वेरावळच्या बंदरावर उभे राहून मुलांना व्हालीची गोष्ट सांगण्यासाठी तिथी पाहण्याचे कारण नाही. जाळे कापणारी माणसे तेथेच भेटतील. त्यांच्याकडूनच ती ऐकता आली, तर अधिकच उत्तम. किनारी तीर्थक्षेत्रांच्या वाटेवर शंख-शिंपल्यांच्या दुकानांत पांढऱ्या प्रवाळाचे तुकडेही मांडलेले दिसतात आणि मूल हट्ट धरते. दुकानदाराशी वाद घालण्याची आवश्यकता नाही. तो बिचारा पोट भरण्यासाठी बसलेला असतो. मुलाचा हात धरून, तो तुकडा कोणाचे घर होता एवढे त्याला सांगावे आणि पुढे जावे.