राहून गेलेला स्टार



आमच्या पाथर्डी तालुक्यात एका वस्तीवर एक आजोबा राहतात. वस्ती त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही आबाच म्हणतो. लेकीचा मोबाइल नंबर विचारला तर ते नातवाच्या तोंडाकडे बघतात. पण फौजेतला नंबर विचारा, पाठ ताठ होते आणि एका दमात सगळे आकडे बाहेर पडतात. रेजिमेंट कोणती ते मी सांगणार नाही, कारण पुढे तिच्या एका चुकीची गोष्ट आहे.

एका २६ जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला आबा कोट घालून आले. कोटावर तीन पदकं होती. एक संग्राम मेडल, एक स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आणि एक नऊ वर्षांच्या सेवेचं. शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या गावचे एक सुभेदार होते. त्यांच्या छातीवर ही तीन होतीच, शिवाय पाच टोकांचा तारा होता. नातवाची नजर तिथं गेली. "आबा, तुमी पण त्याच लढाईत व्हते ना? मग तुमचा स्टार कुठंय?"

आबा म्हणाले, "दिला नसंल."

संध्याकाळी आबा माझ्याकडे आले. मी फौजेत कारकून होतो. बंदूक कमी चालवली, टाइपरायटर जास्त. "बाबू, बघ जरा," म्हणाले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज बुक काढून माझ्यासमोर ठेवलं. पदकांच्या रकान्यात निळ्या शाईत तीन नावं, त्याखाली मोकळी जागा. पन्नास वर्षांत ती जागा कुणी वाचली नव्हती. आबांनीही नाही, कारण ते पुस्तक पेन्शनच्या कामापुरतं बाहेर निघायचं आणि परत ट्रंकेत जायचं.

आता हा तारा म्हणजे काय, ते सांगतो. १९७१ च्या युद्धाचे तारे दोन: पूर्वेकडच्या आघाडीसाठी पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडच्या आघाडीसाठी पश्चिमी स्टार. पश्चिमी स्टारचा काळ अगदी आखूड, ३ ते १७ डिसेंबर १९७१. त्या पंधरा दिवसांत ठरवून दिलेल्या क्षेत्रात तुम्ही होता की नव्हता, एवढाच प्रश्न. संग्राम मेडलचा काळ मात्र ३ डिसेंबर १९७१ पासून थेट २० डिसेंबर १९७२ पर्यंत. म्हणून पुष्कळ जवानांकडे संग्राम असतं आणि स्टार नसतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत ते बरोबरच असतं. १९६५ च्या युद्धाचंही असंच आहे. लढाईच्या क्षेत्रात होते त्यांना समर सेवा स्टार. आणि ५ ऑगस्ट १९६५ रोजी ज्यांची सेवा १८० दिवसांची झालेली होती त्यांना रक्षा मेडल, मग ते आघाडीवर असोत की पिछाडीला. अर्ज लिहिण्याआधी हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. नाहीतर माणूस जे मिळणारच नाही ते मागत बसतो आणि जे हक्काचं आहे त्याचं नावही घेत नाही.

मोठी पदकं अशी राहून जात नाहीत. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना गोळीबारातून ओढून आणलं आणि शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्यपदकाची शिफारस होते, वरपर्यंत छाननी होते, राजपत्रात नाव छापलं जातं. ते विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. पण मोहिमेचं पदक म्हणजे हजारो माणसांना एकाच यादीतून मिळणारी वस्तू, आणि यादी आली की गळती आली.

ही यादी कशी होते ते मी स्वतः करून पाहिलेलं आहे. जवानाच्या आयुष्यात काहीही घडलं, म्हणजे बदली, बढती, लग्न, मूल, दवाखाना, पदक, की युनिटचा कारकून त्याची एक ओळ लिहितो. तिला फौजेत पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ही ओळ रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं जवानाच्या शीट रोलमध्ये चढते. पदकांच्या वेळी युनिट आपल्या स्ट्रेंथवरच्या, म्हणजे पटावरच्या, माणसांची यादी काढतं आणि पुढे पाठवतं. ओळ गेली तर पदक मिळालं. ओळ राहिली तर तुम्ही रणगाड्याखाली झोपून काढलेल्या त्या पंधरा रात्री सरकारदरबारी झाल्याच नाहीत.

आबांचं काय झालं होतं? जानेवारी १९७२ मध्ये त्यांना कावीळ झाली. मिलिटरी हॉस्पिटलात गेले, तिथून डेपोत, डेपोतून दुसऱ्याच युनिटला. जुन्या युनिटने स्टारची यादी केली तेव्हा आबा त्यांच्या स्ट्रेंथवर नव्हते. नव्या युनिटने यादी केली तेव्हा आबा होते, पण डिसेंबरच्या पंधरवड्यात ते तिथं नव्हते. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि आबा मधल्या मध्ये. खरं तर स्ट्रेंथवरून गेलेल्या माणसांचाही विचार जुन्या युनिटने करायला हवा होता. तो झाला नाही. माझ्यासारख्याच एखाद्या कारकुनाने रात्री अकराला, कंदिलाच्या उजेडात, चौथी कार्बन प्रत काढताना केलेली ती चूक असणार. मी त्याला फार बोल लावू शकत नाही. माझ्या हातूनही काय काय राहून गेलं असेल, कुणास ठाऊक.

अर्ज कुठं करायचा, इथं आपल्या जिल्ह्यातली माणसं हमखास घोळ करतात. आपलं नगर फौजेचं गाव. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथं, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथं. १९७१ च्या लढाईतले परमवीर अरुण खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता' रणगाडा इथं जपून ठेवलेला. मग आपल्या माणसाला वाटतं, रेकॉर्ड ऑफिस पण नगरातच आहे की, एसटीने जाऊ आणि विचारून येऊ. ते नगरात आहे हे खरं, पण ते आर्मर्ड कोअरचं आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं. रोहतकच्या किंवा झुंझुनूच्या रणगाडेवाल्याची फाइल नगरात आणि नगरच्या मराठा पलटणीतल्या माणसाची फाइल बेळगावात, असा हा मामला आहे. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. फाइल गावाप्रमाणे ठेवलेली नसते, दलाप्रमाणे ठेवलेली असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मात्र नगरात सगळ्यांसाठी एकच आहे आणि तिथून अर्ज पुढे पाठवता येतो. मी तोच रस्ता सांगतो. नुसत्या पोस्टाने गेलेल्या कागदापेक्षा जावक क्रमांक पडलेल्या कागदाचा पाठपुरावा सोपा जातो.

अर्जात काय लिहायचं? आबा मला सांगत होते ते असं: उसात तोफा लपवल्या होत्या, पाण्याच्या बाटलीवर पापुद्रा धरायचा, एक पंजाबी म्हातारी रोज परातीत रोट्या आणायची आणि पैसे घेत नसे. एका रात्री शेजारच्या खड्ड्यात गोळा पडला. सकाळी त्या खड्ड्यात चहाची किटली तेवढी शाबूत होती. हे सगळं मी ऐकलं, दोन कप चहा झाला, आणि अर्जात यातलं एक अक्षरही घातलं नाही. अर्जात गेलं ते एवढंच: नंबर, हुद्दा, नाव, युनिट, त्या युनिटला हजर झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, दवाखान्याची तारीख, आणि कोणतं पदक नोंदवायचं राहिलं त्याचं नाव. आबांचा चेहरा उतरला. "म्हातारीचं नाय लिवलं?" म्हणाले. नाही लिहिलं. रेकॉर्ड ऑफिसात टेबलावर बसलेल्या माणसाला आबा शूर होते की नाही हे ठरवायचंच नसतं. आबांची तारीख आणि युनिटची तारीख एकमेकींवर बसतात का, एवढंच तो बघतो. आबा आघाडीवर होते हे आबांनी सिद्ध करायची गरज नाही. युनिट आघाडीवर होतं हे फौजेला माहीतच आहे. आबा त्या युनिटमध्ये होते, एवढंच दाखवायचं.

ते दाखवलं कशाने? ट्रंकेच्या तळाला, मारुतीच्या फोटोच्या मागे, हॉस्पिटलची एक चिठ्ठी सापडली. आठ घड्या घातलेली, घडीवर फाटलेली, कडेला पिवळी पडलेली. तीत जुन्या युनिटचं नाव होतं आणि जानेवारीची तारीख होती. डिस्चार्ज बुकात त्या युनिटला हजर झाल्याचं साल १९७० होतं. १९७० ते जानेवारी १९७२, म्हणजे मधला डिसेंबर आपोआप आत आला. आबांनी ती चिठ्ठी काविळीचं औषध पुन्हा लागलं तर, म्हणून जपली होती.

दिवंगत जवानांच्या पत्नींसाठी एक गोष्ट सांगतो. पेन्शन न मिळता जे फौजेतून बाहेर पडले, त्यांचे सेवेचे कागद २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. तुमच्या पत्राला 'कागद नष्ट झाले' असं उत्तर आलं तर ते खोटं असेलच असं नाही. पण लाँग रोल नावाची मोठी नोंदवही कायम ठेवतात आणि तीत नंबरासमोर मोजकी माहिती असते. तेव्हा दुसरं पत्र लिहा आणि लाँग रोलमधली नोंद मागा. माहिती अधिकाराखालीही मागता येते, शुल्क दहा रुपये. या वाटेने मिळालेलं उत्तर किती वजनदार असतं ते आपल्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या फौजेतल्या सेवेवरून राजकारणात आरोप झाले. तेव्हा सैन्याने माहिती अधिकारातल्या अर्जाला उत्तर देऊन सांगितलं, की ते सन्मानाने निवृत्त झाले आहेत आणि त्यांना पाच पदकं आहेत. त्या पाचांत पश्चिमी स्टारही होता. भाषणांनी मिटला नसता तो वाद फाइलमधल्या चार ओळींनी मिटवला.

कागदावर माणूस इतका टांगलेला असतो, हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १२ जुलै १९७३ रोजी सैनिकांच्या कागदपत्रांच्या इमारतीला आग लागली. एक कोटी साठ लाखांहून जास्त फाइली गेल्या, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. तिथले लोक तेव्हापासून पगाराच्या पावत्यांवरून आणि दवाखान्याच्या नोंदींवरून माणसांची सेवा पुन्हा उभी करत आले आहेत. आबांची काविळीची चिठ्ठी त्यांनी नक्की ओळखली असती.

आबांच्या सुनेने मला एक रोखठोक प्रश्न विचारला होता. "त्यानं पेन्शन वाढंल का?" नाही वाढणार. शौर्यपदकाला भत्ता असतो, मोहिमेच्या पदकाला नसतो. "मग कशाला एवढी उठाठेव?" मी काही बोललो नाही. आबाच बोलले, "तो सुभेदार माझ्या बाजूला बसतो. त्याला वाटतं मी लंगरात व्हतो." तसं पाहिलं तर लंगरातला, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातला, माणूसही आघाडीवर असतो आणि त्यालाही स्टार मिळतो, पण हे मी आबांना त्या वेळी सांगितलं नाही.

पहिलं उत्तर दोन ओळींचं आलं, नोंद आढळत नाही म्हणून. आम्ही चिठ्ठीची प्रत जोडून दुसरा अर्ज पाठवला. मग कांदा निघाला, पाऊस झाला, दसरा झाला. स्पीड पोस्टने पाकीट आलं तेव्हा आबा बांधावर होते. नातू पळत गेला. पत्र इंग्रजीत होतं, मी वाचून दाखवलं: पश्चिमी स्टारची नोंद रेकॉर्डला घेतली आहे. प्रत्यक्ष पदक नंतर येईल. तोवर कॅम्पच्या बाजारात वर्दीच्या दुकानातून एक घ्या, बरेचसे फौजी तसंच करतात, असं मी सांगितलं. आबांना ते पटलं नाही. ते चष्मा लावून पत्रातली पहिली ओळच बघत होते. तिथं त्यांचं आडनाव चुकीचं होतं. भरतीच्या दिवशी कुण्या बाबूने ऐकलं तसं लिहिलं आणि तेच शेवटपर्यंत चाललेलं. नातू म्हणाला, "आबा, हे तर दुसऱ्याचंच नाव हाये."

आबांनी बोट नावाखालून काढून नंबरावर ठेवलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. "मपलाच हाये," म्हणाले.

मग पत्राची घडी घालता घालता त्यांनी मला विचारलं, "बाबू, पासष्टच्या ऑगस्टात मी ट्रेनिंगला व्हतो. त्या वक्ती १८० दिवस भरले असतील का रं?" भरतीची तारीख बघायची आहे. डिस्चार्ज बुक अजून माझ्याकडेच आहे.