पाळीची तारीख कोणाकोणाला ठाऊक?

1989 साली नीरा माथुर नावाच्या एका बाईंची एलआयसीत निवड झाली. रुजू होण्याआधी त्यांना एक फॉर्म भरायचा होता. पाळी नियमित येते का, त्रास होतो का, शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, आजवर किती वेळा दिवस गेले, गर्भपात झालाय का, असे रकाने त्यात होते. डॉक्टरांनी तपासून त्यांना नोकरीला योग्य ठरवलं. जानेवारी 1990 मध्ये त्या बाळंत झाल्या आणि फेब्रुवारीत, प्रोबेशन चालू असतानाच, त्यांना काढून टाकलं. महामंडळाचं म्हणणं काय, तर शेवटच्या पाळीची तारीख यांनी खोटी लिहिली! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1991 मध्ये न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावलं. असले प्रश्न बाईला संकोचात टाकणारे, अपमानास्पद आहेत, ते रकाने फॉर्ममधून काढा, असंही बजावलं.

आज पाळीच्या नोंदींचं कुठलंही ॲप उघडा. सुरुवातीच्या प्रश्नांत बहुधा तोच रकाना असतो आणि आपण तो आपणहून भरतो. यात बाईचं काही चुकतंय असं मला अजिबात म्हणायचं नाही. पीसीओडी असलेल्या मुलीला, मूल हवं असलेल्या जोडप्याला, चाळिशी ओलांडताना तारखा मागेपुढे होणाऱ्या बाईला या नोंदींचा खरोखर उपयोग होतो. नागपूरच्या डागा हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलात तरी डॉक्टर तारीखच विचारणार. पण डॉक्टरला कायद्याने तोंड बंद ठेवावं लागतं. गर्भपाताच्या कायद्यात तर 2021 पासून स्वतंत्र कलम आहे, 5-अ. गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ॲप काढणारी कंपनी डॉक्टर नसते. तिने काय कबूल केलंय हे कळायला हाताशी एकच कागद असतो, तिची प्रायव्हसी पॉलिसी.

कुणी म्हणेल, माझ्या तारखा जाणून घेऊन कोणाला काय मिळणार? बीडच्या ऊसतोड कामगार बायकांना विचारा. पाळीपायी खाडा झाला की मुकादम दंड कापतो, म्हणून ऐन तारुण्यात गर्भपिशवी काढून बसलेल्या बायकांची दुखरी हकीकत 2019 मध्ये राज्यभर गाजली, सरकारला समिती नेमावी लागली. पाळी ही कामावर ठेवणाऱ्याच्या हिशेबातली बाब आहे. विमा विकणाऱ्याच्याही. आणि नुकतेच दिवस गेलेली बाई म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं खरेदी करणारं गिऱ्हाईक, हे जाहिरातवाल्यांना पक्कं ठाऊक असतं.

त्याच 2019 मध्ये प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने अशी काही ॲपं तपासली. त्यात ‘माया’ हे बेंगळुरूच्या कंपनीचं ॲप होतं. बाईने पॉलिसीला ‘मान्य’ म्हणण्याआधीच, ॲप उघडताक्षणी, फेसबुककडे माहिती जायला सुरुवात होत होती. गवगवा झाल्यावर फेसबुकचा तो कोड काढून टाकल्याचं कंपनीने सांगितलं. ‘फ्लो’ तर दहा कोटींहून जास्त बायकांनी वापरलेलं ॲप. तुमची माहिती आमच्यापाशीच राहील असं ते सांगत होतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2021 मध्ये जे उघड केलं ते बारकाईने ऐका. बाईने गरोदरपणाचा आठवडा भरला की फेसबुककडे एक संदेश जाई आणि त्या संदेशाचं नावच होतं ‘आर प्रेग्नन्सी वीक चोझन’. आतली माहिती वाचायचीही गरज नाही, नावावरूनच कळतं की हिला दिवस गेलेत.

मग पॉलिसी वाचायची कशी? सुरुवातीचं ‘तुमची गोपनीयता आम्हाला मोलाची वाटते’ वगैरे सोडून द्या. थेट ‘थर्ड पार्टी’ हा शब्द शोधा. तिथे भागीदार कंपन्यांची नावं दिली असतील तर निदान काही प्रामाणिकपणा आहे. ‘विश्वासू भागीदार’ एवढंच लिहिलं असेल तर सावध व्हा. कोणाचा विश्वासू? कंपनी विकली गेली तर तुमच्या नोंदी नव्या मालकाकडे जातील, हे वाक्य बहुधा शेवटाकडे दडलेलं असतं. आणि खातं मिटवल्यावर नोंदी किती दिवसांत पुसणार, ते बघा. फोनवरून ॲप काढून टाकल्याने कंपनीकडच्या नोंदी पुसल्या जात नाहीत, खातं वेगळं मिटवावं लागतं. प्ले स्टोअरवरचं ‘डेटा सेफ्टी’ वाचा जरूर, पण ते कंपनीनेच स्वतःबद्दल भरलेलं असतं हे लक्षात असू द्या. आणखी एक गोष्ट पॉलिसीत कुठेच नसते. घरात एकच फोन सगळ्यांच्या हातात फिरत असेल, तर लॉक स्क्रीनवर झळकणारं ‘दोन दिवसांत पाळी’ हे नोटिफिकेशन आधी बंद करा.

आता कायद्याचं बघू. गोपनीयता हा मूलभूत अधिकार आहे असा निकाल 24 ऑगस्ट 2017 रोजी देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींमध्ये आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, त्यांनी स्वतंत्र निकालपत्रही लिहिलं. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या मात्र नियमांनंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात दंड 250 कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारजमा होईल, जिची माहिती फुटली तिला भरपाई नाही. 2011 च्या जुन्या नियमांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी धरली होती. नव्या कायद्याने तो भेदच काढला, म्हणजे पाळीची तारीख आणि घरचा पत्ता एकाच पंक्तीला. मला हे साफ नामंजूर आहे.

या कायद्यातलं एक कलम मात्र कामाचं आहे. संमतीची विनंती सोप्या भाषेत हवी आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. म्हणजे मराठीतही. पण ते कलम लागू होण्याच्या तारखेची वाट बघत बसायचं कारण नाही. जुन्या नियमांनुसार भारतीय कंपनीला आजही तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्काचा तपशील वेबसाइटवर द्यावा लागतो, महिन्याभरात तक्रार सोडवावी लागते. आज घरी गेल्यावर त्याला मराठीत दोन ओळी लिहा: माझी कोणती माहिती तुम्ही कोणकोणाला दिली ते कळवा, आणि तुमची पॉलिसी मला मराठीत पाठवा.