मधुमेहाचे औषध आणि रुग्णाचे मन

(आंजी (मोठी), जिल्हा वर्धा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आंजी (मोठी) हे गाव आरोग्याच्या कामाला नवखे नाही. येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सेवाग्राम येथे १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही येथेच आहे. अशा ठिकाणी केवळ औषधाअभावी रोग बळावावा, असे सहसा घडू नये. तरीही मधुमेहाच्या बाबतीत एक वेगळीच अडचण अनुभवास येते. औषध घरात असते, पण ते पोटात जात नाही. या अडचणीचाच विचार मी आज आपणापुढे मांडणार आहे.

मधुमेह हा आता केवळ शहरातील सुखवस्तू लोकांचा रोग राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना हा विकार आहे. औषध नियमित न घेण्याची सवयही केवळ आपल्याकडेच आहे, असे नाही. दीर्घकालीन रोगांवरील उपचार नियमितपणे पाळणाऱ्यांचे प्रमाण प्रगत देशांतही सरासरी ५० टक्केच आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नमूद केले होते. म्हणून 'लोक अडाणी आहेत' असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येणार नाही.

रुग्णाच्या मनातील हिशेब

ताप आला की गोळी घ्यावी आणि ताप उतरला की ती बंद करावी, हा आपल्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. मधुमेह या अनुभवात बसत नाही. त्यात बहुधा दुखत नाही, खुपत नाही. रुग्ण म्हणतो, "आता तं बरं वाटते, मंग गोळी कायले घ्यायची?" त्याच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी रास्त आहे.

इंग्लंडमधील रॉब हॉर्न व जॉन वाइनमन या संशोधकांनी दीर्घकालीन विकारांच्या ३२४ रुग्णांचा अभ्यास करून १९९९ साली आपले निष्कर्ष मांडले. रुग्ण मनातल्या मनात दोन गोष्टी तोलून पाहतो. या औषधाची मला गरज किती, ही पहिली. त्यापासून मला धोका किती, ही दुसरी. भीतीचे पारडे जड झाले की गोळी मागे पडते. वय, शिक्षण किंवा आजाराचे स्वरूप यांपेक्षा या समजुतींचा औषध घेण्याशी अधिक निकटचा संबंध त्यांना आढळला. ते रुग्ण दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार व कर्करोग यांचे होते. तथापि मधुमेही रुग्णांशी बोलताना हेच दोन हिशेब मला वारंवार ऐकावयास मिळाले आहेत.

एका कापूस उत्पादक शेतकऱ्याचे उदाहरण सांगतो. दर महिन्याला तो गोळ्या नेत असे. विचारले की 'घेतो' म्हणून सांगत असे. साखर मात्र उतरत नव्हती. पुढे पऱ्हाटीचा खुंट पायात शिरला. पाय बधिर असल्याने दोन दिवस त्याला ते कळलेही नाही. जखम चिघळली आणि अखेर पायाची दोन बोटे काढावी लागली. त्यानंतर घरच्या पत्र्याच्या डब्यात न फोडलेल्या गोळ्यांची पाकिटे सापडली. त्याचा एक नातेवाईक या गोळ्या घेत असे व त्याचे मूत्रपिंड निकामी झाले होते. गोळ्यांनीच ते झाले, अशी याची खात्री होती. औषध घेता का, असे आम्ही त्याला दर वेळी विचारले. औषधाविषयी काय वाटते, हे मात्र एकदाही विचारले नाही. या चुकीत माझाही वाटा आहे.

शंकांना खरी उत्तरे

अशा शंकांना टाळाटाळ न करता उत्तर दिले पाहिजे. मूत्रपिंडाची मोठी हानी होते ती दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने. मात्र मूत्रपिंड आधीच दुर्बल असेल तर काही औषधांची मात्रा बदलावी लागते. म्हणून तपासणी आवश्यक असते, हेही सांगावे. 'गोळीची सवय लागते' ही समजूतही खरी नाही. रोग टिकून राहतो म्हणून औषध चालू राहते. वजन व आहार आटोक्यात आल्यास डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. मेटफॉर्मिनने आरंभी पोट बिघडते, ही तक्रार खरी आहे. जेवणासोबत गोळी घेतल्याने तो त्रास कमी होतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. यास्तव उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मेथी, कारले खाण्यास सहसा हरकत नाही. मात्र ते औषधाची जागा घेऊ शकत नाहीत.

वर्धा जिल्ह्याचा धडा

हे काम अशक्य आहे, असे निदान वर्धा जिल्ह्याने तरी म्हणू नये. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने याच जिल्ह्यात पाहणी, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीने काम उभे केले. कुष्ठरोगाच्या गोळ्याही वर्षानुवर्षे घ्याव्या लागत. त्याभोवती भीती आणि लाज यांचे दाट आवरण होते. कार्यकर्ते घरोघरी गेले, लोकांशी बोलले, त्यांचे ऐकून घेतले. पाहणी आणि उपचार यांच्यामध्ये शिक्षण ठेवले होते, हे विसरता कामा नये. बधिर पाय कसा जपावा, हे या जिल्ह्याला त्या कार्याने शिकविले आहे. तीच शिकवण आज मधुमेही रुग्णाच्या उपयोगी पडणारी आहे.

आपण काय करावे?

केवळ मन वळवून भागणार नाही, हेही खरे. दवाखाना दूर असेल, गोळ्या संपलेल्या असतील, वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडत असेल, तर उत्तम समजूतही उपयोगी पडत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत. ही माहिती प्रत्येक घरी पोहोचते की नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. औषधांचा साठा संपत असल्यास तो विषय वेळीच सभेत मांडावा. अधिकाऱ्यांनी किती रुग्णांना गोळ्या वाटल्या एवढाच आकडा न मागता किती जणांची साखर आटोक्यात आली, हेही विचारावे. शिक्षकांनी मुलांना हा रोग समजावून द्यावा. आजोबांची गोळी आठवणीने देणारा नातू मोठे काम करीत असतो. आशा कार्यकर्तीने रुग्णाला रागावू नये. 'गोळी चुकते का?' यापूर्वी 'गोळीबद्दल मनात काय शंका आहे?' असे विचारावे. रागावल्याने रुग्ण खोटे बोलावयास शिकतो आणि खोट्या उत्तरावर केलेला उपचार चुकतो.

त्या शेतकऱ्याने आता औषध नियमित सुरू केले आहे. चप्पल घातल्याशिवाय तो वावरात जात नाही. परंतु ही समज येण्यासाठी त्याला दोन बोटे गमवावी लागली. इतरांवर ती पाळी येऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.