अडगळीतला संगणक आणि घराची नोंद
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बरेचजण नोकरीच्या निमित्ताने बिलासपूरला आलो आणि इथलेच झालो. घर इथे, पण लग्नकार्य, दिवाळी, आजारपण नागपूरला, अमरावतीला नाहीतर पुण्याला. आझाद हिंदचे तिकीट निघाले की घराला आठ-दहा दिवस कुलूप. काही घरांत उलट परिस्थिती आहे. आपण लाइनवर आणि घरी वयस्कर आई-वडील एकटे. म्हणून हल्ली घरोघरी कॅमेरे लागत आहेत.

मी सिग्नल व दूरसंचार विभागातला पदविकाधारक माणूस. आमच्या रिले रूममध्ये डेटा लॉगर असतो. कोणता रिले कधी उचलला, कधी पडला, याची तो वेळेसह नोंद ठेवतो. काही घडले तर चौकशीत आधी ती नोंद काढली जाते. घरच्या कॅमेऱ्याचेही तसेच आहे. नोंद राहिली नाही, किंवा तिची वेळ चुकीची असली, तर कॅमेरा असून नसल्यासारखाच. आणि ही नोंद ठेवायला नवे यंत्र घ्यावे लागतेच असे नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक माळ्यावर गेले. ड्युअल कोर प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असलेला असा संगणक दोन-चार कॅमेऱ्यांची नोंद सहज ठेवतो. त्यावर लिनक्स टाकायचे आणि झोनमाइंडरसारखी मोफत प्रणाली बसवायची. एक युक्ती ध्यानात ठेवा. कॅमेऱ्याकडून आलेले चित्र जसेच्या तसे डिस्कवर उतरवले तर प्रोसेसरला फारसे काम पडत नाही. हालचाल ओळखायची असेल, तर त्यासाठी कॅमेऱ्याचा दुसरा, कमी आकाराचा प्रवाह वापरावा.

कॅमेरा घेताना खोक्यावर ऑनव्हिफ किंवा आरटीएसपी हे शब्द शोधा. काही स्वस्त कॅमेरे फक्त स्वतःच्या मोबाइल अ‍ॅपशी बोलतात, ते आपल्या संगणकाला चित्र देत नाहीत. शक्य असेल तिथे वायफायऐवजी तार ओढा. पीओई पद्धतीत एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात, आणि १०० मीटरपर्यंत काम होते. एवढ्यात आपल्या क्वार्टरचे फाटक सहज येते.

आता डिस्कचा हिशेब. कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवत असेल, तर दिवसाचे सुमारे २१.६ जीबी होतात. दोन कॅमेऱ्यांचे ४३ जीबी. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर साधारण २३ दिवस मावतात. त्यानंतर सर्वांत जुने पुसले जाऊन त्यावर नवे लिहिले जाते. दहा दिवसांनी गावाहून परतलो तरी पहिल्या रात्रीची नोंद शिल्लक असते. इथे एकच खर्च टाळू नका. संगणक जुना चालेल, डिस्क मात्र नवीन घ्या, आणि तीही चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, सर्व्हेलन्स प्रकारची.

विजेचाही हिशेब मांडू. जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर ३०० रुपये. लॅपटॉप २० वॅटमध्ये भागवतो, म्हणजे १४-१५ युनिट, शंभरेक रुपये. शिवाय त्याची बॅटरी यूपीएसचे काम करते. पण बॅटरी फुगलेली असेल तर ती आधी काढून टाका, त्यात आगीचा धोका असतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्या आणि त्याच्यावर राउटर व स्विचही जोडा. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करून ठेवा. नाहीतर पहिल्याच रात्री वीज जायची आणि पुढचे नऊ दिवस संगणक झोपलेला.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, वेळ. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर तारीख वर्षानुवर्षे मागे जाते. किरकोळ किमतीचा सेल, तो आधी बदला. मग संगणकाला इंटरनेटवरून वेळ घ्यायला लावा आणि सर्व कॅमेऱ्यांना त्या संगणकावरून. फाटकाचा कॅमेरा ११ वाजून १० मिनिटे आणि दाराचा १० वाजून ५२ मिनिटे सांगू लागला, तर माणूस आधी कुठे आला हेच ठरत नाही.

वेळेची किंमत किती, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दिले गेले का, असा वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून पुढे आले. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ यंत्राऐवजी प्रत दाखल करायची तर सोबत कायद्यातले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅशही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा ठसा. आत काडीचाही बदल झाला तरी ठसा बदलतो. लिनक्समध्ये एका ओळीच्या आज्ञेने तो निघतो. तेव्हा काही घडलेच तर मोबाइलने पडद्याचा फोटो काढत बसू नका. मूळ फाइल आधी पेनड्राइव्हवर घ्या, हॅश लिहून ठेवा, आणि डिस्कवर नवे लिहिणे थांबवा.

दोन पथ्ये पाळा. पहिले पासवर्डचे. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्यामार्फत मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ला केला. म्हणून पासवर्ड पहिल्या दिवशी बदला आणि कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. गावाहून पाहायचे असेल तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून पाहा.

दुसरे पथ्य माणसांचे. खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. आपल्या कॅमेऱ्यात आपले फाटक यावे, शेजाऱ्याचे स्वयंपाकघर येऊ नये. आणि घरात आईच्या खोलीत कॅमेरा लावायचा विचार असेल, तर आधी तिच्याजवळ बसून विचारा. ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपवा. काळजीपोटी लावलेला कॅमेरासुद्धा चोवीस तास पाहत असतो, आणि तिने उभे आयुष्य कोणाच्या पहाऱ्याखाली काढलेले नाही. तिच्यासाठी दिवसातून दोन फोन अधिक उपयोगाचे.

शेवटी देखभाल. आमच्याकडे गियर बसवले की देखभालीचे वेळापत्रक लागते. इथेही लावा. महिन्यातून एकदा, समजा संकष्टीला, काल रात्री २ वाजताचे चित्रण उघडून बघा. दिसते का? वेळ बरोबर आहे का? पंख्यात धूळ साचली का? पाच मिनिटांचे काम आहे. गावाला निघण्याच्या आदल्या दिवशीही तेवढे करा. आणि संगणक टीव्हीशेजारी ठेवू नका, चोर तोच आधी उचलेल. नजरेआड पण हवेशीर जागी ठेवा.

मंडळी, कॅमेरा चोराला धरत नाही. काय झाले आणि केव्हा झाले, एवढेच तो सांगतो. फाटक उघडे दिसले तर हाक मारायला शेजारीच लागतो. तेव्हा किल्ली नि फोन नंबर शेजाऱ्याकडे देऊन जा, आणि नोंदीचे काम माळ्यावरच्या संगणकाला द्या. कोणाला तो जोडायचा असेल, तर विसर्जनानंतरच्या कोणत्याही रविवारी मला सांगा. पेचकस घेऊन येईन, चहा तुमच्याकडे.



गणपती बाप्पा मोरया!