धरणाचा हिशेब कोण तपासणार?



कामगार-चळवळीतल्या माणसाने नदीतल्या जनावरांवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण पाळी संपल्यावर वाचनालयात झाले. पण दुसऱ्याने मांडलेला हिशेब तपासणे हा तर आमचा धंदाच आहे.

सिंधू नदीत भुलन नावाचा डॉल्फिन आहे. डोळ्यांनी जवळजवळ आंधळा. आवाज काढावा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढावी, अशी त्याची रीत. १९३२ साली पाटबंधाऱ्यासाठी सक्करचा बराज झाला, १९६२ साली गुड्डूचा. अशा अनेक बांधकामांनी नदीचे तुकडे पडले. आज हा प्राणी जुन्या मुलखाच्या सुमारे एक-पंचमांश भागातच उरला आहे. त्यातले बहुतेक गुड्डू आणि सक्कर यांच्या मधल्या पाण्यात. आपल्या देशात ब्यास नदीत मोजकेच आहेत.

भिंत आडवी आली म्हणून तो गेला, असे आम्ही समजत होतो. ते अर्धेच खरे. अभ्यासकांनी जुन्या नोंदी पडताळल्या तेव्हा मुख्य कारण निघाले ते कोरड्या महिन्यांतल्या पाण्याचे. त्या दिवसांत कालवे नदी पिऊन टाकतात. वर्षाची सरासरी काढा, नदी भरलेली दिसेल! कामगाराला हे समजावून सांगायला नको. बारा महिन्यांच्या सरासरी पगाराने बेकारीच्या महिन्यातली चूल पेटत नाही. शिवाय काही डॉल्फिन कालव्यात शिरतात, आणि दुरुस्तीसाठी पाणी बंद झाले की तिथेच अडकतात. त्यांना उचलून परत नदीत सोडावे लागते.

आता आपल्याकडचे पाहा. १९९४ पासून मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाची तपासणी करून घ्यावी लागते. पण तपासणारा सल्लागार कोण नेमतो? प्रकल्प करणाराच, आणि पैसेही तोच देतो. गिरणीत घड्याळ घेऊन आमच्या शेजारी उभा राहणारा माणूसही मालकाचाच असे. तो लबाडच होता असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच्या आकड्यांवर आम्ही डोळे मिटून सही कधी केली नाही.

आम्ही धरणांचे वैरी नाही. धरणे कामगारांनीच बांधली आणि कालव्याच्या भाकरीवर आम्हीही जगतो. फायद्याची बाजूही सोपी नाही. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्षी येतात, आणि माणसे हौसेने पाहायला जातात. पाणी ओसरून उथळ चिखल उघडा पडतो, तिथे त्यांचे पोट भरते. पण वाहत्या पाण्यावर जगणाऱ्या माशाचे नुकसान रोहितांच्या थव्याने भरून निघते का? एका खात्यातली तूट दुसऱ्या खात्यात जमा दाखवणाऱ्या कारकुनाला आम्ही काय म्हणतो, ते इथे सांगत नाही.

म्हणून जनसुनावणीला जाल तेव्हा जाडजूड अहवालाला भिऊ नका. उभे राहून एवढेच विचारा: वैशाखात बंधाऱ्याखाली पाणी किती राहणार, आणि ते कोणी, कोणत्या महिन्यात मोजले? आणि भोयांना जरूर बरोबर न्या. कोणत्या डोहात कोणता मासा होता हे त्यांना तोंडपाठ असते.