आधी काय आले? गांजा, चिंता आणि नैराश्य
(तंजावूर राजवाडा परिसरातील जनजागृती व्याख्यानाचा मजकूर)



आपण आज ज्या राजवाड्याच्या परिसरात जमलो आहोत, तेथे दोन शतकांपूर्वी दुसऱ्या सरफोजी महाराजांनी धन्वंतरी महाल ही आरोग्यशाळा चालवली. त्या काळच्या नेत्ररुग्णांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. रुग्णाची नोंद लिहून ठेवण्याची ही रीत आजच्या विषयात आपल्या फार उपयोगाची आहे.

गांजा ओढणारा तरुण म्हणतो, "मन बेचैन असते म्हणून ओढतो." त्याचे आईवडील म्हणतात, "ओढतो म्हणूनच मन बिघडले." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते, आधी काय आले हे मात्र सहसा कोणी तपासत नाही.

गांज्यातील टीएचसी हे द्रव्य मेंदूतील भीती, झोप आणि भूक यांचे नियमन करणाऱ्या यंत्रणेवर काम करते. थोड्या मात्रेत मन सैलावते. अधिक मात्रेत तेच द्रव्य छातीत धडधड, धास्ती आणि संशय निर्माण करते. पुडीत त्याचे प्रमाण किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

खरा फास रोजच्या सेवनात आहे. मेंदू त्या द्रव्याला सरावतो आणि ते मिळेनासे झाले की एकदोन दिवसांत चिडचिड, निद्रानाश, अस्वस्थता व उदासी सुरू होते. भूक मंदावते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वाधिक असतो आणि बहुतेकांचा दोनतीन आठवड्यांत ओसरतो; झोप रुळावर यायला काहींना अधिक वेळ लागतो. तरुण नेमका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठरवतो की गांज्याविना आपण आजारीच आहोत. तो पुन्हा ओढतो, त्याला बरे वाटते आणि त्याचा समज पक्का होतो. वास्तविक त्या संध्याकाळी शमलेली बेचैनी बहुतांशी गांज्याच्या अभावाचीच असते.

म्हणून एक साधी वही करा. सेवन कोणत्या वयात सुरू झाले, उदासी किंवा घाबरेपणा प्रथम केव्हा जाणवला, मधे किती दिवस खंड पडला आणि त्या दिवसांत झोप कशी होती, एवढे लिहा. सेवन थांबवून तीनचार आठवडे लोटल्यावरही उदासी टिकली, तर तो स्वतंत्र आजार असण्याचा संभव वाढतो. मात्र तोपर्यंत उपचार लांबवू नयेत. "आधी गांजा सोड, मग डॉक्टरांकडे जाऊ" ही घरोघरची अट मला घातक वाटते. दोन्हींवर एकत्र उपचार करता येतात.

संशोधन काय सांगते? 2019 मध्ये 11 दीर्घकालीन अभ्यासांतील 23,000 हून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. किशोरवयात गांजा घेणाऱ्यांमध्ये तरुणपणी नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांची शक्यता न घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळली. चिंताविकाराशी मात्र तितका स्पष्ट संबंध दिसला नाही. एकेकाचा धोका फार मोठा नसेलही. परंतु 2019 च्याच राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 3.1 कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही घेतले होते.

पालकांनी पोलिसांचा धाक दाखवू नये. त्याने मूल बोलेनासे होते. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम 64अ मध्ये, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे.

जीव नकोसा वाटणे, कोणी नसताना आवाज ऐकू येणे, सगळे आपल्यावर टपले आहेत असे वाटणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. तमिळ आणि मराठीतही बोलता येते. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय क्रमांक 14446 आहे.

डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या. किती ओढता हे कमी करून सांगू नका. झोपेचे किंवा नैराश्याचे औषध ठरवताना डॉक्टरांना तो आकडा लागतो.